कार्बन फायबरच्या पार्टवरचे बारीक चरे : पॉलिश करावं की हातच लावू नये?

जालनारोडकर

नमस्कार मंडळी. गाडी छत्रपती संभाजीनगरात असते. आधीच्या मालकाने डिकीवर कार्बन फायबरचा स्पॉयलर आणि आरशांना कार्बनची कव्हरं बसवून घेतली होती. स्टिकर नाही, खरं कार्बन आहे. सावलीत झकास दिसतं, पण संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की सगळ्या स्पॉयलरवर गोल गोल बारीक रेघा उठून दिसतात. डाव्या आरशाच्या कव्हरवर बाभळीची फांदी घासून गेल्याचा एक लांब चराही आहे. रेघांचं कारण मला माहीत आहे. सोसायटीत गाड्या पुसणारा रोज पहाटे धुळीवरून कोरडं फडकं मारायचा. आता ते बंद केलंय.

एका दुकानात म्हणाले, "बफिंग मारून देतो, अर्ध्या तासात नवं." दुसरीकडे म्हणाले, "कार्बनला आम्ही हात लावत नाही, फायबर उघडं पडेल." कुणाचं ऐकावं? आणि घरी करता येण्यासारखं असेल तर कसं करायचं, हे कुणी नीट सांगेल का? मला घाई नाही, पण पार्ट खराब व्हायला नको.

चिकलठाण्याचे काका

जालनारोडकर, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी रंगकामात केस पांढरे केलेत, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कार्बनला पॉलिश होतच नाही. तुम्हाला दिसते ती काळी वीण खाली आहे. ती रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या पारदर्शक चिकट द्रवात, बुडवलेली असते आणि रेझिनवर बहुतेक वेळा क्लिअर कोटचा थर असतो. तुमच्या रेघा या वरच्या पारदर्शक थरात आहेत. पॉलिश म्हणजे त्या थराची उंची रेघेच्या तळापर्यंत खाली आणणं. म्हणजे दर वेळी थोडा थर जातो आणि तो परत येत नाही. त्यामुळे खरा प्रश्न "पॉलिश करावं का" हा नाही, "वर किती शिल्लक आहे" हा आहे.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या रंगावर क्लिअर साधारण ४० ते ६० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हलक्या पॉलिशमध्ये त्यातला एखाद-दोन मायक्रॉन जातो, जाड कंपाउंड (जास्त कापणारं पॉलिश) आणि लोकरीच्या पॅडने त्याहून बराच जास्त. बाहेरून बसवलेल्या पार्टचा मात्र काही नेम नाही. कुणी भरपूर क्लिअर मारतो, कुणी एक हात फिरवून मोकळा होतो. आणि मोजायची सोय नाही, कारण दुकानांतून दिसणारे रंगाची जाडी मोजायचे मीटर लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी असतात. कार्बनवर त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. त्याला अल्ट्रासॉनिक मीटर लागतो. तो महाग असतो आणि आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही. म्हणून मी एकच नियम पाळतो : सगळ्यात सौम्य उपायाने सुरुवात, तेवढ्यात भागलं तर तिथेच थांबायचं.

आता तपासणी. पार्ट धुऊन कोरडा करा आणि सावलीत मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. मग त्या लांब चऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा. पाण्याखाली चरा दिसेनासा झाला तर तो वरच्या थरातला असण्याची शक्यता मोठी. नंतर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिशने जाईल. नुसतं जाणवत असेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका बारीक), लागेल, तेही विचार करून. नख ठक्क अडकत असेल किंवा चऱ्याच्या तळाशी वीण पांढुरकी नाहीतर केसाळ दिसत असेल, तर पॉलिश विसरा. तिथे भरणी आणि नवा क्लिअर कोट.

हे आधी बघून इथे सांगा. पुढचं नंतर लिहितो.

उदगीरचा बायकर

काका, मधेच विचारायलो, माफ करा. माझ्या मोटारसायकलच्या सायलेन्सरवरचं गार्ड कार्बनचं आहे, पण मॅट. त्याच्यावर बी ओरखडे आहेत. तेला हेच करावं का? आमच्याकडं टूथपेस्टनं हेडलाइट घासायलेत लोक, तसं काही चालंल का?

चिकलठाण्याचे काका

बाळा, मॅटला अजिबात पॉलिश करू नकोस. मॅट फिनिश म्हणजे वरचा थर मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे उजेड विखुरतो. घासलंस तर तेवढाच भाग चमकेल आणि तो डाग कायमचा होईल. मॅटवरचा ओरखडा डोळ्याला खटकत असेल तर पूर्ण पार्टवर नवा मॅट क्लिअर, दुसरा उपाय नाही. तोवर सौम्य शाम्पूने धू, मेण लावू नकोस.

टूथपेस्टमध्ये खर असते, पण ती दातांच्या हिशोबाची. कण केवढे, ते किती वेळात झिजतात, काही अंदाज नसतो. चांगल्या पॉलिशमधले कण बारीक आणि एकसारखे असतात. हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं म्हणून तिथे फरक दिसतो. गाडीच्या क्लिअरवर नवी धुरकट रेघ पडते.

वाळूजची ताई

काकांच्या सांगण्यात थोडी भर घालते. मी वाळूजला कंपोझिटचे पार्ट बनवण्याच्या कामात आहे, आमच्याकडे मोल्डमधून माल निघतो तिथून बोलते.

पार्ट कसा बनलाय यावर बरंच ठरतं. काही पार्ट प्रीप्रेग म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कापडाचे, ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाबाखाली शिजवलेले असतात. त्यात वर रेझिन अगदी कमी असतं, वीण जवळजवळ पृष्ठभागाला लागून असते. त्यावर क्लिअर मारलेला नसेल तर घासायला जागाच नाही. हाताने रेझिन लावून केलेल्या पार्टला मोल्डमध्ये आधी पारदर्शक जेलकोट मारलेला असू शकतो. तो ३०० ते ५०० मायक्रॉनपर्यंत असतो, तिथे हात थोडा सैल सोडता येतो. आणि बाजारात बरेच पार्ट असे असतात की आत काचेचं फायबर, वर कार्बनचा एकच थर, दिसायला. त्यात वाईट काही नाही, पण तो एक थर घासला गेला तर खाली पांढरी काच दिसते.

ओळखायचं कसं? पार्ट काढून मागची बाजू बघा. मागेही तीच काळी वीण असेल तर पूर्ण कार्बन. पांढरी-हिरवट चटई किंवा काळा रंग फासलेला असेल तर वरचा थरच तेवढा कार्बनचा असायची शक्यता जास्त. कडेला पापुद्रा सुटतोय, कोपऱ्यावर वीण ताणली न जाता छापासारखी सरळ चाललीय असं दिसलं तर ते विनाइल किंवा पाण्यात बुडवून केलेली छपाई. त्यावर कंपाउंड चालवू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. वॉटर पेपर घासताना जे पाणी निघतं ते दुधाळ पांढरं असेल तर तुम्ही क्लिअरमध्ये आहात. ज्या क्षणी ते काळं-करडं व्हायला लागेल त्या क्षणी हात थांबला पाहिजे, कारण तुम्ही फायबर कापताय. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा असतो आणि २००० नंबरच्या पेपरचा कण साधारण १० मायक्रॉनचा. पेपरला तंतू तोडायला वेळ लागत नाही.

आणि कोरडं घासू नका. कार्बनची भुकटी कातडीत रुतते, दिवसभर खाज सुटते. श्वासात तर जाऊच नये. ती वीजवाहकही असते, बॅटरीजवळ किंवा उघड्या वायरिंगवर उडवू नका. मास्क, हातमोजे आणि पाणी, तिन्ही असल्याशिवाय आमच्याकडे कुणाला पेपर हातात देत नाहीत.

जालनारोडकर

ताई, काका, खूप आभार. तपासलं. स्पॉयलरवरच्या रेघा नखाला अजिबात लागत नाहीत. आरशावरचा चरा नखाला जाणवतो, पण अडकत नाही, आणि पाण्याच्या थेंबाखाली दिसत नाही. कव्हर काढून मागून पाहिलं, मागेही वीण आहे. वर चकचकीत क्लिअर आहे, कडेला त्याचा जाडसर ओघळही दिसतो.

चिकलठाण्याचे काका

उत्तम. ओघळ दिसतोय म्हणजे क्लिअर हाताने मारलाय आणि बऱ्यापैकी जाड आहे. पण ओघळाजवळ जाड म्हणून सगळीकडे जाड असं धरू नका. द्रव उतारावर खाली येतो, वरच्या कडेला आणि टोकदार धारेवर थर नेहमी पातळ असतो. स्पॉयलरची मागची धार हीच सगळ्यात धोक्याची जागा. तिथे मास्किंग टेप लावा आणि टेपवर मशीन चढवू नका.

स्पॉयलरसाठी वॉटर पेपरची गरज नाही. गाडी सावलीत, पॅनेल हाताला गार लागेल तेव्हा काम करा. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. आधी शाम्पूने धुवा. हात फिरवून खरखर लागली तर डिटेलिंगची क्ले माती भरपूर ओलावा ठेवून फिरवा. सिमेंट, डांबर आणि लोखंडाचे कण पॅडमध्ये अडकले तर नव्या रेघा पाडतात.

मशीन ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे पॅड फिरतो आणि हलतोही. गॅरेजमध्ये असतं ते नुसतं गोल फिरणारं मशीन एका जागी उष्णता साठवतं आणि शिकाऊ हातात धार उडवतं. पॅड मऊ फोमचा, लहान, तीन इंची मिळाला तर छान. पॉलिश फिनिशिंगचं. पॅडवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी कमी वेगावर पसरवा, मग मधल्या वेगावर उभे-आडवे हात, मशीनच्या वजनापेक्षा फारसा जास्त दाब नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. मायक्रोफायबरने पुसा.

आता महत्त्वाचं. पुसल्यावर जे चकाकतं त्यावर विश्वास ठेवू नका. पॉलिशमधलं तेल रेघांत भरून बसतं आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात रेघा परत दिसतात. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीन-चार भाग पाणी असं मिश्रण फवारून पुसा आणि मग टॉर्चने बघा. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, क्लिअर मऊ पडतो. आधी वीतभर जागेवर करून बघा. रेघा गेल्या तर तोच मेळ सगळीकडे. थोड्या राहिल्या तर पॅड एक पायरी कडक घ्या, पॉलिश तेच ठेवा. तरीही एखादी खोल रेघ राहिली तर राहू द्या. सगळ्या रेघा काढायच्या हट्टापायी चांगले पार्ट वाया गेलेले मी पाहिलेत.

आरशाच्या चऱ्याला २००० चा वॉटर पेपर. पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून पेपर आधी भिजत ठेवा. बोटाने घासू नका, बोटाचा दाब एका रेषेत पडतो आणि खळगा होतो. पेपर छोट्या रबरी ठोकळ्याला गुंडाळा. फक्त चऱ्याच्या आसपास, एकाच दिशेने, हलके हात. दर थोड्या वेळाने पुसून बघा आणि ताईंनी सांगितलं तसं पाण्याच्या रंगावर नजर ठेवा. चरा पुसट झाला की थांबा, पूर्ण जाण्याची वाट बघू नका. मग ३००० ने आडव्या दिशेने, २००० च्या रेघा मिटेपर्यंत. ती जागा धुरकट दिसेल, घाबरू नका. त्यावर आधी कंपाउंड आणि मधला पॅड, मग फिनिशिंग पॉलिश. कव्हर काढता येतंय तर काढून टेबलावरच करा.

नांदेडचे मास्तर

नांदेडला मटेरियल सायन्स शिकवतो. काकांनी "गार पॅनेल" म्हटलं त्यामागचं कारण सांगतो, कारण आपल्या मराठवाड्यात ते फार महत्त्वाचं आहे.

इपॉक्सी रेझिनला एक ग्लास ट्रान्झिशन तापमान असतं. त्याच्या वर रेझिन काचेसारखं ताठ न राहता रबरी व्हायला लागतं. भट्टीत शिजवलेल्या चांगल्या पार्टला ते १२० अंशांच्या आसपास किंवा वर असतं, पण साध्या खोलीच्या तापमानाला सुकवलेल्या पार्टला ५० ते ८० अंश इतकंच. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे हवा ४२-४३ अंश असते तेव्हा उन्हातला काळा पार्ट ७० च्या पुढे सहज जातो. त्यावर मशीनच्या घर्षणाची उष्णता आली तर रेझिन मऊ पडून विणीचा ठसा वर उमटतो. पार्ट लहरी-लहरी दिसायला लागतो आणि तो दोष पॉलिशने जात नाही. दुपारी रस्त्याकडेला गाडी लावून बफिंग करून घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरं, पिवळेपणा. तो कार्बनचा नसतो, रेझिनचा असतो. नेहमीच्या इपॉक्सीत बिस्फेनॉल-ए असतं. त्याच्या रेणूतली ॲरोमॅटिक वलयं (कार्बन अणूंची कडी) अतिनील किरण शोषतात, ऑक्सिडेशन होतं आणि रेझिन आधी पिवळं, मग खडूसारखं भुरकट होतं. क्लिअर कोटमधले अतिनील-शोषक पदार्थ रेझिनला वाचवतात. चमक ही क्लिअरची अर्धीच कामगिरी, उन्हापासून वाचवणं ही उरलेली. क्लिअर घासून पातळ केलात तर चकाकेल नक्की, पण आपल्या उन्हात पिवळेपणा लवकर येईल.

लातूरकर

मास्तर बरोबर बोलले. मी पॉलिशपेक्षा धुण्याविषयी लिहितो, कारण रेघा तिथंच पडायल्यात.

लातूरला पाण्याचं मोल सांगायला नको. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं गावाला. तेव्हापासून आमच्या घरात गाडीला पाईप लागत नाही. पण पाणी वाचवायचं म्हणून कोरडं पुसणं हा मार्ग नाही. काळ्या मातीची धूळ मऊ दिसते, त्यात मुरमाचे बारीक खडे असतात. फडकं फिरलं की तेच खडे फिरतात.

रिन्सलेस वॉश म्हणून द्रव मिळतो. बादलीत आठ-दहा लिटर पाणी, त्यात झाकणभर. आधी तेच पाणी पंपाने फवारून धूळ दोन-तीन मिनिटं भिजू द्यायची. मग पाच-सहा मायक्रोफायबर त्या बादलीत भिजवून, प्रत्येकाच्या घड्या घालून, एका घडीने एकच हात मारायचा. वापरलेलं कापड परत बादलीत बुडवायचं नाही. तेवढ्या पाण्यात आख्खी गाडी होते. चिखल फार असला तर मात्र हे नको, आधी पाणी मारावंच लागतं.

आणि एक. घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बरेच जण गाडीला वापरायलेत. काटकसर म्हणून भावना चांगली आहे, पण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट होऊन आलेले असतात. काळ्या पार्टवर ते उन्हात वाळलं की पांढऱ्या कडांचे डाग बसतात. ते पाणी फरशीला, संडासला वापरा. गाडीवर शेवटचा हात आरओच्या गाळलेल्या पाण्याचा.

उदगीरचा बायकर

दादा, डाग पडलेच असतील तर? माझ्या टाकीवर हायेत.

लातूरकर

पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घे, कापड ओलं करून अर्धा मिनिट डागावर ठेव, मग स्वच्छ पाण्यानं धू. ताजा डाग निघतो. फार दिवसांचा असेल तर क्षार क्लिअरमध्ये खड्डा पाडतात, तिथं काकांचं पॉलिशच लागतं.

जालनारोडकर

मंडळी, काम झालं. स्पॉयलर सूर्य मावळल्यावर घरच्या पार्किंगमध्ये केला. मऊ पॅडने वीतभर जागा करून पाहिली, अल्कोहोलने पुसल्यावर थोड्या रेघा परत दिसल्या. पॅड मधला घेतल्यावर जवळजवळ सगळ्या गेल्या. मागच्या धारेवरची टेप काढल्यावर तिथल्या रेघा तशाच आहेत, त्या हाताने हलक्या करून सोडून दिल्या. आरशावरचा चरा आता शोधला तरच सापडतो. पाणी शेवटपर्यंत पांढरंच राहिलं. विणीत आता उजेड आतपर्यंत जातोय असं वाटतं, फोटोत ते येत नाही.

यावर सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का? दुकानवाले सांगतात, पुन्हा चरे पडणार नाहीत.

वाळूजची ताई

छान झालं. सिरॅमिक कोटिंगने पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, उन्हाचाही थोडा बचाव होतो. पण तो थर अगदी पातळ असतो, बाभळीच्या फांदीपुढे तो टिकणार नाही. फांद्या आणि खडी यांच्यापासून जपायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने तिच्यात भरून येतात. समृद्धी महामार्गावर नेहमी जाणं-येणं असेल तर आरशांना तेवढी लावून घ्या, सगळ्या गाडीला खर्च करायची गरज नाही. आत्ता पॉलिश केलंय, अल्कोहोलने पुसून लगेच लावली तर उत्तम. खाली रेघा राहिल्या तर त्या फिल्मखाली तशाच दिसतात.

कव्हर परत बसवताना स्क्रू बघून घ्या. कार्बन ॲल्युमिनियमला किंवा साध्या लोखंडाला ओलाव्यात थेट लागला तर धातू झपाट्याने गंजतो. स्टेनलेसचे स्क्रू आणि मधे नायलॉनचा वॉशर.

बीड बायपास

उशिरा आलो धाग्यावर. माझ्या बॉनेटचा प्रश्न वेगळा आहे. कार्बनचंच आहे, पण पुढच्या कडेला क्लिअरचे पापुद्रे उडालेत आणि मधे पिवळट झालंय. हे पॉलिशने निघेल का?

चिकलठाण्याचे काका

नाही निघणार. पापुद्रा उडतोय म्हणजे क्लिअरने रेझिन सोडलंय. पॉलिश केलंत तर पापुद्र्याची कड आणखी सुटत जाईल. सगळा जुना क्लिअर पाणी लावून ४०० ने उतरवायचा, पिवळी झालेली रेझिनची वरची साय हलक्या हाताने काढायची, विणीला पेपर लागायच्या आधी थांबायचं. मग ८०० ने एकसारखं धुरकट करून नवा टूके (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर दोन-तीन हात. पिवळेपणा खोल गेला असेल तर थोडी झाक राहीलच, हे आधी मान्य करून कामाला लागा.

क्लिअर मात्र घरी मारू नका. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला कायमचं धरतं. साध्या कापडी मास्कने काही होत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ लागतो. उतरवायचं काम तुम्ही करा, मजुरी वाचेल, आणि फवारणीला बूथ असलेल्या दुकानात द्या. देताना दुकानदाराला सांगा की खाली कार्बन आहे, भट्टी ५० अंशांच्या वर नेऊ नका. वेळ लागला तर लागू द्या.

बॉनेटचा फोटो टाका, मागची बाजूही. मग किती उतरवायचं ते बघू.